आयात तबकडी आणि मूळ पाठ : मारधाडपटांच्या डीव्हीडी-प्रतींची चिकित्सा

चित्रपटाविषयी लिहिणारा अभ्यासक ज्या वस्तूकडे पाहून लिहितो ती वस्तू बहुधा त्या चित्रपटाची कोणती तरी एक प्रत असते. आणि ती प्रत कोणती, हे नमूद करण्याची पद्धत आपल्याकडे अद्याप रूढ झालेली नाही. संस्कृत किंवा प्राचीन मराठी ग्रंथाचा संशोधक आपण पाठ कोणत्या हस्तलिखितावरून घेतला हे सांगितल्यावाचून सहसा विधान करीत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती पुरी व्हावयास १९६६ साल उजाडले, ते काही केवळ ग्रंथाच्या विस्तारामुळे नव्हे. प्रत आणि पाठ यांतील अंतर किती आणि ते कोणामुळे पडले, या प्रश्नाचा निकाल लावण्यास तेवढा काळ लागला. चित्रपटाच्या बाबतीत मात्र हातात आलेली तबकडी म्हणजेच चित्रपट, असे आपण बिनदिक्कत धरून चालतो.

या दोषापासून प्रस्तुत लेखकही मुक्त नाही. काही वर्षांपूर्वी विभागातील एका व्याख्यानात जेम्स कॅमेरॉन यांच्या १९८४ च्या ‘द टर्मिनेटर’ या चित्रपटातील पोलीस-ठाण्यावरील हल्ल्याचे मी सविस्तर विवेचन केले होते. गोळ्यांचे आवाज प्रेक्षकाच्या पाठीमागून येतात, त्यामुळे प्रेक्षक त्या ठाण्यातील शिपायांइतकाच चहूकडून वेढला जातो, आणि ध्वनीची ही योजना हेच त्या प्रसंगाचे मर्म होय, असा माझा सिद्धान्त होता. श्रोत्यांना तो पटला. मलाही पटला होता. पुढे एका विद्यार्थिनीने नम्रपणे असे दाखवून दिले की, चित्रपटाचा मूळ ध्वनिपट एकमार्गी होता. चित्रपटगृहात तो लागला तेव्हा पाठीमागून कोणताही आवाज येणे शक्यच नव्हते. मी ज्याला दिग्दर्शकाची योजना समजलो ती पुढे तबकडीसाठी करण्यात आलेल्या सहामार्गी पुनर्मिश्रणाची करामत होती, आणि त्यात बंदुकांचे आवाजही बऱ्याच अंशी नवे घातलेले होते. म्हणजे मी एका प्रक्षिप्त श्लोकावर भाष्य केले होते. ते विधान मी येथे मागे घेतो. प्रस्तुत लेखाचा उगम या फजितीत आहे, हे प्रथमच सांगितलेले बरे.

डीव्हीडी हे माध्यम आता मागे पडले असताना हा खटाटोप कशासाठी, असा आक्षेप येथे संभवतो. हे माध्यम १९९६ च्या अखेरीस जपानात व १९९७ मध्ये अमेरिकेत आले. त्यानंतर अधिक सूक्ष्म चित्र देणाऱ्या तबकड्या आल्या, आणि आता तर तबकडीवाचूनच चित्रपट घरी येतात. परंतु महाविद्यालयांच्या व विभागांच्या कपाटांत अद्यापि साठवण आहे ती डीव्हीडींचीच. शिवाय परदेशी मारधाडपटांवरील गेल्या पंचवीस वर्षांतील पुष्कळसे लेखन याच तबकड्या पाहून झालेले आहे. जुने लेखन तपासावयाचे तर ते ज्या प्रतीवर आधारले होते ती प्रत तपासणे ओघानेच येते.

मारधाडपटच का, याचे उत्तर तांत्रिक आहे. डीव्हीडीवर प्रत्येक चित्रचौकट स्वतंत्रपणे साठविलेली नसते. साधारण अर्ध्या सेकंदात एक चौकट पूर्ण स्वरूपात नोंदविली जाते आणि मधल्या चौकटींच्या बाबतीत केवळ काय बदलले एवढेच नोंदले जाते. दोन माणसे दिवाणखान्यात बसून बोलत असतील तर बदलते फारच थोडे. काचा फुटत असतील, धूर पसरत असेल, पाऊस कोसळत असेल आणि त्यातून कॅमेराही धावत असेल, तर चौकटीतील प्रत्येक बिंदू बदलतो आणि नोंदीला जागा अपुरी पडते. अशा वेळी चित्राचे लहान लहान चौकोन पडू लागतात, धुराच्या पायऱ्या होतात, काळोख्या कोपऱ्यातील तपशील एका काळ्या डागात बुडून जातो. कौटुंबिक नाटकाची वाईट तबकडी पुष्कळदा सुसह्य असते. मारधाडपटाची वाईट तबकडी नेमकी चित्रपटाच्या गाभ्यावरच घाव घालते.

जागेचा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. जॉन वू यांच्या १९९२ च्या ‘हार्ड बॉइल्ड’ या हाँगकाँगच्या चित्रपटाची लांबी सुमारे १२८ मिनिटे आहे. एकथरी तबकडीची क्षमता ४.७ अब्ज बाइट. ही सारी जागा चित्रपटालाच दिली तरी सेकंदाला सरासरी ४९ लाख बिटांहून कमीच येतात. आता प्रकाशकाने वेष्टनावर मिरविण्यासाठी ४४८ हजार बिटांचे दोन सहामार्गी ध्वनिपट आणि १९२ हजारांचा एक मूळ ध्वनिपट घातला, तर चित्रासाठी ३८ लाखांच्या आसपास उरतात. आणि त्याच तबकडीवर मुलाखती व जाहिराती कोंबल्या तर त्याहूनही कमी. या माध्यमात चित्रासाठी सेकंदाला ९८ लाख बिटांपर्यंत जाण्याची मुभा आहे, हे लक्षात घेतले म्हणजे ही ओढाताण ध्यानात येईल. दोनथरी तबकडीत ८.५ अब्ज बाइट मावतात आणि प्रश्न बराच सैल होतो. म्हणून वेष्टनावरील अतिरिक्त आकर्षणांची यादी जितकी लांब तितके चित्राविषयी अधिक सावध राहावे, असे मी विद्यार्थ्यांना सांगत आलो आहे. तबकडी एकथरी की दोनथरी हे कोणत्याही संगणकावर क्षणात कळते. तेवढे कष्टही समीक्षक घेत नाहीत.

चित्राच्या बाबतीत दुसरी मोठी बाब म्हणजे रुंद पडद्याच्या चित्रपटाला तबकडीवर दिलेली जागा. शॉ बंधूंच्या निर्मितिसंस्थेचे १९६० आणि १९७० च्या दशकांतील बहुतेक मारधाडपट २.३५ : १ या प्रमाणाच्या रुंद पडद्यासाठी चित्रित झालेले आहेत. अमेरिकन व जपानी पद्धतीच्या तबकडीत चित्राला ४८० रेषा असतात. जुन्या चौरसवजा पडद्याच्या मापात हे चित्र वर-खाली काळे पट्टे ठेवून बसविले, तर प्रत्यक्ष चित्राच्या वाट्याला सुमारे २७२ रेषा येतात आणि बाकीच्या काळेपणा साठविण्यात खर्ची पडतात. तेच चित्र १६ : ९ मापाच्या पद्धतीने दाबून नोंदविले तर सुमारे ३६३ रेषा मिळतात. हा एकतृतीयांशाचा फरक आहे, आणि दूरच्या दृश्यात दहा योद्ध्यांपैकी तलवार कोणाच्या हातात आहे हे दिसणे अगर न दिसणे त्यावर अवलंबून असते. नामवंत प्रकाशकांच्याही आरंभीच्या तबकड्या या दोषातून सुटलेल्या नाहीत. क्रायटेरियन संस्थेने १९९८ मध्ये काढलेल्या ‘द किलर’ व ‘हार्ड बॉइल्ड’ या तबकड्या संग्राहकांत पुढे फार महाग झाल्या. परंतु त्यांतील चित्र जुन्याच मापात बसविलेले आहे. बाजारातील किंमत हा गुणवत्तेचा पुरावा मानणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

मात्र तबकडीवर ठपका ठेवण्यापूर्वी तो दोष मूळ चित्रपटाचाच नाही ना, हे पाहिले पाहिजे. शॉ बंधूंच्या चित्रपटांत कॅमेरा बाजूला वळताना कडेचे खांब वाकल्यासारखे दिसतात. ही त्या वेळच्या रुंद पडद्याच्या भिंगांची लकब आहे. तबकडी करणाऱ्याचा तीत काहीही अपराध नाही. तीच गोष्ट फिल्मच्या कणांची. चित्रात सूक्ष्म कण सळसळताना दिसले की ‘चित्र स्वच्छ नाही’ असा शेरा मारणारे परीक्षक थोडे नाहीत, आणि त्यांना खूष करण्यासाठी प्रकाशक ते कण यंत्राने पुसून टाकतात. त्यांबरोबर नटाच्या त्वचेचा पोत, भिंतीचा खडबडीतपणा, अंगरख्याची वीणही पुसली जाते. मग मऊ पडलेल्या चित्राला धार आणण्यासाठी वस्तूंच्या कडांना कृत्रिम उठाव दिला जातो, आणि काळोख्या आकृतीभोवती एक पांढरी रेघ उमटते. दुकानातील दूरदर्शन-संचावर असे चित्र विलक्षण ‘तेज’ दिसते. ते हस्तलिखितावर नवी शाई फिरविण्यासारखे आहे : अक्षर ठळक होते, परंतु मूळ अक्षर होते कोणते याचा निर्णय करण्याचे साधन कायमचे हातचे जाते.

चित्र तपासण्यासाठी कसोटीचे प्रसंग निवडून ठेवावे लागतात. अकिरा कुरोसावा यांच्या १९५४ च्या ‘सेव्हन सामुराई’मधील अखेरची पावसातील लढाई ही माझ्या मते सर्वोत्तम कसोटी होय. चित्र कृष्णधवल असल्याने रंगांची भुरळ पडत नाही. चिखल, घोडे आणि पाऊस सर्वस्वी चंचल. आणि हा प्रसंग एकापेक्षा अधिक कॅमेऱ्यांनी, दूरदर्शी भिंगांतून टिपल्यामुळे चौकट गच्च भरलेली. चांगल्या प्रतीत पावसाच्या रेषा घोड्यांच्या पुढे पडतात, मागे पडतात, अंतर जाणवते. वाईट प्रतीत पाऊस म्हणजे चित्रावर पसरलेला एक राखी पडदा होतो. क्रायटेरियनची या चित्रपटाची १९९८ मधील तबकडी आणि २००६ मधील तीन तबकड्यांची नवी आवृत्ती शेजारी शेजारी ठेवून हा एकच प्रसंग पाहिला, तर या लेखातील निम्मे प्रतिपादन शब्दांवाचून होईल.

यानंतर गतीचा प्रश्न, आणि मारधाडपटाच्या अभ्यासात हाच मला सर्वांत नाजूक वाटतो. फिल्म सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने चालते. भारत, ब्रिटन व बहुतेक युरोप यांनी स्वीकारलेल्या पॅल पद्धतीत सेकंदाला २५ चौकटी दाखविल्या जातात, आणि सोयीचा मार्ग म्हणून चित्रपट तेवढा वेगाने पळविला जातो. १२८ मिनिटांचा चित्रपट १२३ मिनिटांत आटोपतो. वेष्टनावरील लांबी पाहून ‘पाच मिनिटे कापली’ अशी ओरड करणाऱ्यांपैकी पुष्कळांना हे ठाऊक नसते. उलट पाच मिनिटे खरोखरच कापलेली असता ‘ती पॅलमुळे’ असे म्हणून स्वस्थ बसणारेही असतात. ‘हार्ड बॉइल्ड’मधील इस्पितळाच्या बोळांतून चालणारा, मध्ये उद्‌वाहनात शिरून दुसऱ्या मजल्यावर निघणारा सुप्रसिद्ध अखंड शॉट सुमारे २ मिनिटे ४० सेकंदांचा आहे, पॅल तबकडीवर तो सहा सेकंदांहून अधिक आखूड भरतो. शॉटांच्या सरासरी लांबीवर प्रबंध लिहिणाऱ्याने हा चार टक्क्यांचा फरक हिशेबात घेतला नाही, तर हाँगकाँगचा संकलक अमेरिकन संकलकाहून चपळ ठरविण्याचे श्रेय चुकून दूरदर्शनच्या एका प्रमाणाला जाते.

हाँगकाँगच्या बाबतीत गुंता आणखी वाढतो. तेथील लढतींचे शॉट पुष्कळदा मुद्दाम कमी वेगाने, म्हणजे सेकंदाला २२ किंवा त्याहून थोड्या चौकटी या दराने चित्रित केले जात, जेणेकरून पडद्यावर हालचाल जलद भासावी. २२ चौकटींनी टिपलेली लाथ चित्रपटगृहात नऊ टक्के जलद दिसते. पॅल तबकडीवर तीच जवळजवळ चौदा टक्के जलद होते. नऊ टक्के हा लढतीच्या दिग्दर्शकाने केलेला निर्णय आहे. उरलेले साडेचार टक्के कोणीच निर्णय करून घातलेले नाहीत. परंतु ‘या लढती अवास्तव, विनोदी वाटाव्यात इतक्या जलद आहेत’ असा जो आक्षेप आपल्याकडील लेखनात वारंवार भेटतो, त्यात हे दोन्ही अंश एकमेकांत मिसळलेले असतात.

वेग वाढला की स्वरही चढतो. २५ भागिले २४ हे गुणोत्तर अर्ध्या स्वराच्या सुमारे सात दशांशाइतके भरते. आधुनिक श्रुतिचर्चेत न्यून श्रुतीचे जे गुणोत्तर सांगतात तेच हे, हा योगायोग गमतीचा आहे. संगीताची तालीम झालेल्या कानाला मूळ ध्वनिमुद्रिका व पॅल तबकडी लागोपाठ ऐकविली तर फरक तात्काळ कळतो. इतरांना नटाचा आवाज किंचित पातळ झाला एवढेच जाणवते. यंत्राने स्वर पुन्हा खाली आणता येतो, आणि काही प्रकाशक तसे करतातही. मग वेग चुकीचा पण स्वर बरोबर, अशी तिसरीच अवस्था प्राप्त होते.

याहून वाईट प्रकार म्हणजे पॅलमध्ये उतरविलेल्या चित्रावरून एनटीएससी तबकडी करणे. शॉ बंधूंच्या जुन्या चित्रपटांच्या २००२ च्या डिसेंबरपासून हाँगकाँगमध्ये निघू लागलेल्या कित्येक तबकड्यांविषयी ही तक्रार सर्वत्र नोंदली गेलेली आहे. वेग पॅलचाच राहतो, आणि चौकटींची संख्या जुळविण्यासाठी शेजारच्या दोन चौकटी एकमेकींत मिसळल्या जातात. अशी तबकडी लढतीच्या ऐन भरात थांबवून पाहावी : एका खांद्याला दोन हात फुटलेले दिसतात, एक गडद आणि एक पुसट. कोणताही संकलक जी चौकट ओळखणार नाही ती चौकट अभ्यासक ‘विश्लेषणासाठी’ आपल्या निबंधात छापतो. एवढे असूनही त्या तबकड्यांनी किंग हू यांचा १९६६ चा ‘कम ड्रिंक विथ मी’ आणि चँग चेह यांचा १९६७ चा ‘वन-आर्म्ड स्वोर्ड्‌समन’ यांसारखे चित्रपट पूर्ण रुंदीत प्रथमच असंख्य अभ्यासकांच्या हाती दिले, हेही ऋण मान्य केले पाहिजे. सदोष प्रत आणि प्रतच नसणे यांत निवड करावयाची झाल्यास मी सदोष प्रतच घेईन. मात्र तिचे दोष लिहून ठेवीन.

ध्वनीच्या बाबतीत ‘मूळ’ या शब्दाचाच अर्थ डळमळू लागतो. हाँगकाँगमध्ये दीर्घकाळ चित्रीकरणाबरोबर ध्वनिमुद्रण होत नसे. संवाद, पावलांचे आवाज, ठोसे, सारे मागाहून घातले जाई. ब्रूस लीचे तेथील आरंभीचे चित्रपट मँडरिन भाषेत प्रदर्शित झाले आणि त्या संवादांतील आवाज त्याचा स्वतःचा नाही. तेव्हा ‘मूळ भाषेतील ध्वनिपट’ घेतला म्हणजे नटाचा आवाज मिळाला, असे समजण्याचे कारण नाही. १९७१ च्या ‘द बिग बॉस’चे उदाहरण तर पाठचिकित्सेच्या वर्गात शिकवावे असे आहे. मँडरिन पाठाला वाँग फू-लिंग यांचे संगीत होते. परदेशी प्रदर्शनासाठी इंग्रजी पाठ झाला, त्याला जर्मन संगीतकार पेटर थॉमस यांनी सर्वस्वी वेगळे संगीत दिले. पुढे १९८० च्या दशकात कँटोनीज पाठ निघाला, त्यात आणखी निराळे संगीत आले आणि पाश्चात्त्य रॉक-वादकांच्या ध्वनिमुद्रिकांतील तुकडेही त्यात वापरले गेले. तीन शाखा, तीन संगीते, चित्र एकच. तबकड्यांत या शाखांचे संकरही आढळतात. या चित्रपटातील ‘संगीताचा वापर’ या विषयावर शाखेचा उल्लेख न करता लिहिलेला परिच्छेद निरर्थक म्हणावा लागेल, मग तो कितीही सुंदर लिहिलेला असो.

सहामार्गी पुनर्मिश्रणाविषयी दोन शब्द अधिक लिहितो, कारण विद्यार्थी येथेच अधिक फसतात. एकमार्गी ध्वनिपटात संवाद, संगीत आणि बंदुकीचा बार एकाच पट्टीवर एकजीव झालेले असतात. ते पुन्हा सुटे करणे सोपे नसते. म्हणून पुनर्मिश्रण करणारा पुष्कळदा सरळ नवे बार, नवे ठोसे, नव्या काचा संग्रहातून काढून घालतो. हे ओळखण्याची खूण अशी : संवादांचा आवाज अरुंद, जुनाट, किंचित खरखरीत, आणि त्याच दृश्यातील पिस्तुलाचा बार खोल, गोलाकार, कालपरवा मुद्रित केल्यासारखा. दोन वयांचे आवाज एकाच खोलीत राहू लागले की संशय घ्यावा. हाँगकाँगच्या जुन्या चित्रपटांतील ठोशाचा तो कोरडा, लाकडी, कथेकऱ्याच्या चिपळीसारखा आवाज कित्येकांना हास्यास्पद वाटतो. परंतु लढतीची लय त्या आवाजावरच बांधलेली असते. त्याच्या जागी मऊ, घुमणारा धक्का आला की ठेका मोडतो आणि तीच लढत विस्कळीत भासू लागते. अमेरिकेत प्रदर्शित करताना संगीतच बदलण्याची उदाहरणेही आहेत. युएन वू-पिंग यांचा १९९३ चा ‘आयर्न मंकी’ २००१ मध्ये तेथे नव्या संगीतासह आला. तेथील प्रेक्षकाला तो आवडला, यावर माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो त्या प्रतीवरून १९९३ च्या हाँगकाँगविषयी अनुमाने काढण्यावर.

तबकडीचे परीक्षण लिहिताना कोणती माहिती द्यावी, याविषयी विभागात बराच वाद झाला. काही सहकाऱ्यांच्या मते एवढा तांत्रिक तपशील वाङ्‌मयीन स्वरूपाच्या समीक्षेला भारभूत होईल. मला तसे वाटत नाही. दोन ओळी पुरेत. तबकडी कोणत्या देशात निघाली, पॅल की एनटीएससी, प्रत्यक्ष मोजलेली लांबी किती, कोणता ध्वनिपट ऐकला, आणि तो चित्रपटाच्या प्रथम प्रदर्शनाच्या वेळचा आहे की मागाहून केलेला. वेष्टनावरील मजकुरावर विसंबू नये, कारण ‘मूळ ध्वनी’ असे छापून आत पुनर्मिश्रणाचेच दोन मार्ग करून घातलेली एक तबकडी आमच्याच कपाटात आहे. आणि आपल्या संचाचे दोष तबकडीच्या माथी मारू नयेत : संचावरील उजळपणा व धार यांची बटणे कारखान्यातून आली तशीच ठेवून ‘काळा रंग फिका आहे’ असा निर्णय देणारे परीक्षण मी स्वतः वाचलेले आहे.

‘द टर्मिनेटर’चा एकमार्गी ध्वनिपट असलेली प्रत मध्यंतरी आम्हाला मिळाली. पोलीस-ठाण्याचा प्रसंग मी पुन्हा पाहिला. किंबहुना प्रथमच ऐकला. बार पातळ आहेत, कोरडे आहेत, आणि सारे समोरून, ज्या पडद्यावर ती आकृती चालत येते त्याच जागेवरून येतात. पाठीमागे काहीच घडत नाही. प्रेक्षक वेढलेला नाही. त्याला मागे सरण्यास पुरेशी जागा आहे, आणि समोरची आकृती तरीही घाई न करता, एकेक खोली पार करीत पुढे येते. माझ्या जुन्या व्याख्यानातील सिद्धान्ताच्या हे नेमके विरुद्ध आहे, आणि त्या प्रसंगाचे विवेचन मला आता प्रारंभापासून लिहावे लागणार आहे.